कॅम्परचं इंजिन ऑईल: डबा निवडण्यापासून डिपस्टिकवरच्या खुणेपर्यंत

मिनीबसवर बांधलेला डिझेल कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी) असणारी ओळखीची मंडळी ऑईलची तक्रार घेऊन आली, की मी पहिल्यांदा विचारतो, "तेल मोजलं तेव्हा गाडी कुठं उभी होती?" उत्तर ठरलेलं असतं. पंपावर, नाहीतर गॅरेजच्या दारातल्या उतारावर. रात्री झोपताना डोकं खाली जाऊ नये म्हणून हीच माणसं ओट्यावर पाण्याचा पेला ठेवतात, चाकाखाली फळ्या सरकवतात, पुन्हा पेला बघतात. इंजिनाचं तेल मात्र कुठंही उभं राहून मोजतात.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या बुडातल्या तेलाच्या भांड्याचा, नट खोलायला कुणीही शिकतो. चुका त्याच्या आधी आणि नंतर होतात: डबा निवडताना आणि पट्टी (डिपस्टिक) वाचताना. म्हणून खाली त्या दोन ठिकाणी मी जास्त रेंगाळलो आहे.

टप्पा १: दुकानात जाण्याआधी गाडीचं पुस्तक

कॅम्पर बांधणाऱ्यानं पलंग, ओटा, टाकी बसवली असेल, पण इंजिन मूळ गाडीचंच आहे. त्यामुळे मूळ गाडीच्या मालक-पुस्तिकेचं पान हेच प्रमाण. त्यातून चार गोष्टी कागदावर उतरवा: दर्जा, ग्रेड, फिल्टरसकट किती लिटर, आणि बदलायची मुदत. पुस्तक हरवलं असेल तर चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. शेजारच्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत इंजिन वेगळं असू शकतं.

ग्रेड म्हणजे डब्यावरचे मोठे आकडे: १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० वगैरे. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर धावतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं ते सांगतो.

इथंच सोलापुरी शहाणपण आडवं येतं. "आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, मग जाड तेलच पायजे." बाहेर ऊन कितीही असलं तरी इंजिनाचं पाणी थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास ठेवतो, आणि आतलं तेल शंभरच्या आगेमागे तापतं. पुण्यातही तेवढंच, सोलापुरातही जवळपास तेवढंच. कंपनीनं ३० सांगितलं असेल तर उन्हाच्या भीतीनं ५० टाकू नका. बेअरिंगमधली फट ज्या तेलासाठी बनवली आहे, तेच तिथं वेळेत पोचतं. पुस्तकात हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिल्या असतील तर त्यातली एक निवडायला हरकत नाही. डिसेंबरात स्पिती किंवा लडाखकडे निघायचं असेल तर हा तक्ता निघण्याआधी बघा. इथल्या हिवाळ्याला १५डब्ल्यू पुरतं, पण उणे पंधरा-वीस अंशांत सकाळी स्टार्टर रडतो.

आता दर्जा, म्हणजे डब्यावर एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) या संस्थांच्या नावानं छापलेली खूण. ग्रेडपेक्षा हा महत्त्वाचा आहे, आणि दुकानात त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आरसी बुकात गाडी बीएस-४ आहे की बीएस-६ ते बघा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरासाठीचे सरकारी नियम. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सर लायनीत बहुतेक वेळा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. काजळी ही जाळी तापवून जाळून टाकते. पण इंजिनात थोडंफार तेलही जळतं, आणि तेलातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्तासारख्या घटकांची राख होते. राख पुन्हा जळत नाही, जाळीतच साठते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं: पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एपीआय सीजे-४, सीके-४ किंवा एसीईएचा सी गट. सीजे-४ आणि सीके-४ मध्ये सल्फेटेड राख १ टक्क्याच्या आत असते. जुन्या दर्जाचं स्वस्त तेल टाकलं तर पहिले काही महिने काहीच कळत नाही. मग डीपीएफचा दिवा लागतो आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट बिल येतं.

उलट बाजूनं फारशी अडचण नाही. पुस्तकात सीआय-४ लिहिलं असेल तर त्याच ग्रेडचं सीके-४ बहुतेक वेळा चालतं. एपीआयचंच एफए-४ मात्र वेगळं आहे. ते पातळ जातीचं, ठराविक इंजिनांसाठी काढलेलं तेल आहे. नाव नवं दिसतं म्हणून उचलू नका.

*सावध:* पुस्तकातला दर्जा आणि ग्रेड, दोन्ही एकाच डब्यावर जुळले पाहिजेत. "१५डब्ल्यू-४० आहे ना, मग झालं" म्हणून घेतलेला डबा ट्रॅक्टरसाठीचाही असू शकतो.

टप्पा २: खरेदी

सुटं तेल घेऊ नका. बॅरलमधून मापानं काढलेल्या तेलाचा दर्जा सांगणारा तिथं कुणीच नसतो. सीलबंद डबा, पक्कं बिल, आणि झाकणाखालची पत्री किंवा रिंग शाबूत. डब्यावर पडताळणीचा कोड असेल तर दुकानातच फोननं तपासा. बॅच आणि तारीख खरवडलेली दिसली तर डबा तिथंच ठेवा.

लागतं त्यापेक्षा एक लिटर जास्त घ्या. तो डबा गाडीतच ठेवायचा आहे. बार्शीच्या पुढं आडरस्त्याला तेल कमी दाखवलं, तर तुमच्या दर्जाचं तेल तिथल्या टपरीवर मिळेलच असं नाही.

तेलाबरोबर: गाडीच्या पार्ट नंबरचा ऑईल फिल्टर, आणि ड्रेन बोल्टचं नवं वायसर. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं हे वायसर दाबून बसतं, दुसऱ्यांदा तितकं धरत नाही. चहाच्या पैशातली वस्तू आहे, आणि सगळ्यात जास्त विसरली जाते तीही हीच. इंजिन फ्लश, जादूची बाटली, घर्षण कमी करणारं द्रव्य यांतलं काही नको. चांगल्या तेलात जे लागतं ते आधीच असतं.

टप्पा ३: कधी बदलायचं

कॅम्पर वर्षात किती धावतो? पंढरपूर, अक्कलकोट, हुरड्याच्या दिवसांत कुणाच्या तरी शेतावर मुक्काम, दिवाळीत एखादी लांबची सहल. किलोमीटर भरतच नाहीत, आणि लोक आकडा भरायची वाट बघत दोन-तीन वर्षं काढतात. पुस्तकात 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी' असं लिहिलेलं असतं. कॅम्परच्या बाबतीत जवळजवळ नेहमी महिने आधी येतात. उभ्या गाडीच्या तेलात ओलावा आणि आम्ल साठत जातं.

एसीसाठी किंवा बॅटरी भरायला इंजिन उभ्या-उभ्या चालवत असाल तर ते तासही धरा. मी एक तास म्हणजे साधारण ४० किलोमीटर धरतो. हा माझा ठोकताळा आहे, कंपनीचा नव्हे. आत माणसं झोपली असताना इंजिन चालू ठेवणं हा मात्र तेलापलीकडचा धोका आहे. ते करूच नका.

पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने उभी करणार असाल तर तेल उभी करण्याआधी बदला. नंतर बदलतो म्हणणारे जुनं, आम्लधारी तेल बेअरिंगवर तेवढे महिने बसवून ठेवतात.

रंगावरून निवाडा करू नका. गॅरेजमध्ये बोटांवर थेंब चोळून सांगतात, "मालक, काळं पडलंय, गेलं." अहो अण्णा, डिझेलचं तेल बदलल्यावर एका फेरीत काळं होतं. काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते दोन गोष्टींना. तेल दुधट, चहासारखं दिसलं तर पाणी मिसळतंय. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल उतरतंय. बीएस-६ गाडी फक्त गावात फिरत असेल तर डीपीएफची सफाई अर्धवट राहते, त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरतं. "तेल खातच नाही, उलट वाढतंय" ही आनंदाची बातमी नव्हे. अशा वेळी मुदतीची वाट न बघता बदला.

टप्पा ४: जागा आणि हत्यारं

समपातळीतली, घट्ट जमीन हवी. काळ्या मातीवर जॅक खचतो. पंपाचं आवार पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराचं केलेलं असतं, ते तर नकोच. फोनमधलं लेव्हल ॲप ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फरशीवर ठेवून लांबी-रुंदी दोन्ही बघा. घराजवळ सपाट जागा नसेल तर बदलण्याचं काम त्यातल्या त्यात सपाट, घट्ट जागी उरका, पण शेवटचं मोजमाप सपाट जागीच. मी एकदा ओळखीच्या वजनकाट्यावर, रात्री गर्दी ओसरल्यावर मोजलं होतं. जागा सपाट मिळाली, वर गाडीचं खरं वजनही कळलं. ते ऐकून घरात दोन दिवस शांतता होती.

हत्यारांत रिंग पाना किंवा सॉकेट, फिल्टरचा पाना, टॉर्क पाना (ठरावीक जोरानंच आवळणारा), नरसाळं, घमेलं. घमेलं तुमच्या चेंबरपेक्षा मोठं हवं, हे आधी लिटर मोजून बघा. नायट्राइलचे हातमोजे घाला, वापरलेलं तेल कातडीला वाईट. खाली अंथरायला जुनी चादर आपल्याकडं कुणाच्याही घरात निघते.

पुसायला मात्र यंत्रमागाचा वेस्ट (टाकाऊ सूत) वापरू नका. सोलापुरात तो फुकट मिळतो म्हणून प्रत्येक गॅरेजात असतो. बाहेरून हात पुसायला ठीक, पण फिल्टरच्या बैठकीवर किंवा नरसाळ्यात त्याचं सूत राहिलं तर ते थेट तेलात जातं. धागे न सुटणारं स्वच्छ फडकं घ्या.

*सावध:* कॅम्परचे कोपऱ्यातले टेकू गाडी हलू नये म्हणून असतात, वजन पेलायला नव्हे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. रॅम्प किंवा पक्के स्टँड, हँडब्रेक, मागच्या चाकांना ओट. बऱ्याच मिनीबसखाली काहीही न उचलता सरपटत जाता येतं. जमत असेल तर तेच करा.

काम सुरू करण्याआधी आतल्या गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. किल्ली तुमच्या खिशात, गाडीत नको. गाडीत मुलं असतात.

टप्पा ५: जुनं तेल काढणं

१. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा. कोमट तेल लवकर आणि घाण घेऊन उतरतं. मोहोळहून हायवेनं तापवून आणली असेल तर वीस-पंचवीस मिनिटं थांबा, तेल कातडी सोलतं. उन्हाळ्यात हे काम सकाळी करा. दुपारी वावटळ सुटली की उघड्या इंजिनात धूळ जाते.

२. वर तेल ओतायच्या झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा, मग झाकण सैल करा. इथं दोन कामं होतात. तेल खाली मोकळं उतरतं, आणि झाकण निघतंय याची खात्री आधीच होते.

३. खाली जाऊन ड्रेन बोल्ट ओळखा. थांबा. हीच ती जागा जिथं गिअरबॉक्सचा नट खोलला जातो. मग गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट तेल. चेंबर इंजिनाच्या बुडाशी असतो, गिअरबॉक्स त्याच्या मागं. खात्री नसेल तर पुस्तकातलं चित्र बघा.

४. रिंग पान्यानं बोल्ट सैल करा. फिक्स पान्यानं कडा गोल होतात. शेवटचे आटे हातानं, बोल्ट वर दाबून धरत फिरवा आणि झटक्यात बाजूला घ्या. धार सुरुवातीला लांब पडते, घमेलं त्या हिशेबानं ठेवा.

५. धार थेंबावर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबा.

*तपासा:* बोल्टवर बारीक करडा चिखल असेल तर चालतं. नखाएवढे चकचकीत तुकडे दिसले तर नवं तेल ओतू नका, मिस्त्रीला दाखवा.

आटे आणि बैठक पुसून, नवं वायसर घालून बोल्ट आधी हातानं बसवा. दोन-तीन आटे सहज गेले पाहिजेत. अडकला तर काढून पुन्हा लावा. शेवटचा आवळ पुस्तकातल्या टॉर्कनंच. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे 'अजून जरासं' म्हणताना मरतात.

टप्पा ६: फिल्टर

प्रत्येक वेळी बदलायचा. जुन्या फिल्टरमध्ये बरंच काळं तेल अडकलेलं असतं.

डब्यासारखा फिल्टर असेल तर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबरच निघाली ना, हे बघा. एकदा जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावर नवा फिल्टर चढवला. सुरू केल्यावर सगळं तेल चादरीवर. तेव्हापासून बोट फिरवून बघतो. नव्या रिंगला नवं तेल चोपडा, फिल्टर हातानं टेकेपर्यंत फिरवा, आणि मग फिल्टरवर छापलं असेल तेवढाच, बहुतेकदा पाऊण फेरा. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी फाटूनच निघतो.

आत कागदी काडतूस असेल तर टोपणाच्या सगळ्या रिंगा बदला आणि टोपणावर लिहिलेल्या टॉर्कनं आवळा.

टप्पा ७: ओतणं आणि सुरू करणं

पुस्तकातल्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा लिटर कमी ओता, पाच मिनिटं थांबा. आता पट्टी बघू नका, फिल्टर अजून रिकामा आहे. झाकण लावा. हे वाक्य वेगळं लिहितोय कारण झाकण इंजिनावर राहून गाडी निघाल्याचं मी पाहिलं आहे.

इंजिन सुरू करा. ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. तेलाच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तोपर्यंत टर्बोचं बेअरिंग कोरडं फिरत असतं. विझला नाही तर लगेच बंद. विझला तर दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बोल्ट आणि फिल्टरखाली टॉर्च मारा, मग बंद करा.

टप्पा ८: पट्टी, नीट वाचलेली

रॅम्पवरून गाडी उतरवा. सपाट जागी दहा मिनिटं थांबा. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, काढा. दोन्ही बाजू वाचा. जी बाजू कमी दाखवते ती धरा. दुसरीवर बहुतेक वेळा नळीतलं तेल लागलेलं असतं. उरलेलं तेल थोडं थोडं ओतत, दर वेळी थांबत पुस्तकाच्या आकड्यापर्यंत या.

आता कॅम्परची खरी मेख. मूळ गाडी रिकामी असताना जशी उभी राहायची, तशी तुमची उभी राहत नाही. पाण्याची टाकी, घरगुती बॅटऱ्या, पलंगाखालचं सामान बहुतेकदा मागं असतं. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, नाक वर जातं आणि चेंबरमधलं तेल मागं सरकतं. पट्टी चेंबरच्या कोणत्या बाजूला आहे त्यावरून ती कमी किंवा जास्त दाखवते. रस्ता सपाट असूनही.

म्हणून मी असं करतो. तेल बदललेल्या दिवशी आत नेमकं किती लिटर गेलंय ते माहीत असतं. त्याच दिवशी, पाण्याची टाकी ठरावीक पातळीला ठेवून (मी अर्धी ठेवतो), ठरलेल्या जागी पट्टी वाचतो आणि कुठं खूण आली ते वहीत चित्र काढून ठेवतो. नंतरची प्रत्येक तपासणी त्याच जागी, तेवढ्याच पाण्यानं, सकाळी थंड इंजिनावर. त्यांच्याशी तुलना करायची थंड इंजिनावरची पहिली खूण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची.

*सावध:* पुस्तकाइतकंच तेल ओतूनही खूण 'कमाल'च्या वर आली, तर आधी गाडीची पातळी आणि थांबण्याची वेळ पुन्हा तपासा. तरी वरच राहिली तर जुनं तेल पूर्ण निघालेलं नाही, जास्तीचं काढा. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. क्रँक ते घुसळून फेस करतो, सीलमधून गळतं, आणि फारच जास्त असेल तर ते इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर) हवेच्या वाटेनं आत ओढलं जातं. मग डिझेल इंजिन स्वतःचंच तेल जाळत पळत सुटतं आणि किल्लीनंही बंद होत नाही.

सर्व्हिसचा इशारा रीसेट करा. काही बीएस-६ गाड्यांत तेलाचं आयुष्य मोजणारा वेगळा हिशेब असतो, तोही स्कॅनरनं शून्य करून घ्या.

टप्पा ९: जुनं तेल आणि रिकामे डबे

जुनं तेल थंड झाल्यावर झाकणाच्या डब्यात भरा. आपल्याकडं ते वाळवीसाठी लाकडाला, सेंट्रिंगच्या फळ्यांना, नाहीतर सरळ गटारात जातं. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या गोळा करणाऱ्याकडं, किंवा त्याला तेल देणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्या. पाणी, कूलंट, डिझेल त्यात मिसळू नका, मग कुणी घेत नाही. फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळवा. रिकाम्या डब्यांना सुरी मारा, नाहीतर तेच डबे बनावट तेल भरून परत बाजारात येतात.

टप्पा १०: पहिली फेरी

तारीख, किलोमीटर, दर्जा, ग्रेड, लिटर आणि पट्टीवरची खूण वहीत लिहा. मग तुळजापूरला जाऊन या. जाऊन-येऊन साधारण नव्वद किलोमीटर आणि वाटेत घाटही, म्हणजे तेल नीट तापतं. परतल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर डाग नसेल आणि पट्टी वहीतल्या चित्राशी जुळली, तर इंजिनापुरतं हे काम झालं.

जनरेटर वेगळा असेल तर त्याच्या छोट्या इंजिनाला स्वतःचं तेल असतं, आणि ते तासांवर बदलतात. बऱ्याच छोट्या पेट्रोल जनरेटरना पहिल्या २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी. त्याची मापपट्टी झाकणालाच जोडलेली असते. काहींत ती फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवून वाचायची असते. ते आधी वाचा, आणि जनरेटरही सपाट जागीच ठेवा.